दिवस भरले

औंढे,
१० नोव्हेंबर २०२५

स्वराज,

वर चि. लिहिलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही. फोनवर मी तोंड उघडलं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी चार ओळी तरी वाचशील. दुसऱ्याची पत्रं वाचायची तुला लहानपणापासून खोड आहे.

गुरुवारचं सांगते. तुझ्या त्या प्रदीपनं तुला त्याच्या सोयीचं तेवढंच सांगितलं असेल.

तू आईला फोन केलास तेव्हा मी लोणावळ्यात बंगल्यावर स्वयंपाकाला गेले होते. तू म्हणालास, "आई, गुरुवारी लोणावळ्याचा प्रदीप माणसं घेऊन बघायला येतोय. चांगली माणसं आहेत. घर जरा नीट ठेव, चहापाणी कर." एवढंच. एक शब्द जास्त बोलला असतास तर तुझी जीभ झिजली असती का रे?

घरात लग्नाची नात. कॅनडातला मामा. आणि तो म्हणतोय, माणसं बघायला येतायत. आईनं काय समजायचं? मी संध्याकाळी आले तर ती नंदाबाईच्या ओट्यावर बसून साऱ्या आळीला सांगत होती, "माझ्या सोराजनं भाचीसाठी स्थळ धाडलंय. त्येला तितं लांब बसून काळजी हाय. टाकव्याचं सख्खं काका हितं असून इचारत न्हाईत."

मलाही खरंच वाटलं, स्वराज. त्याचाच मला जास्त राग येतो. नवरा गेल्यावर टाकव्याच्या दिरांनी मला लेकरासकट बाहेर काढलं, तेव्हा तूच बारावीची परीक्षा टाकून मला टेम्पोत घालून घरी आणलं होतंस. तोच हा भाऊ, म्हटलं. मामाचं कर्तव्य करतोय.

ज्योत्स्ना फणफणली. "माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, मला कुणी विचारलं का?" पण आजीपुढं तिचं काही चालत नाही. आईनं पेटीतली हिरवी साडी काढून तिला नेसवली. मी बंगल्यावर सुट्टी सांगितली. शेणानं अंगण सारवलं. पोहे केले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं.

पांढरी गाडी आली. प्रदीप, एक पन्नाशीचे साहेब, त्यांची बायको, आणि एक दाढीवाला तरुण पोरगा. आईला वाटलं, हाच नवरामुलगा. ती त्याच्याकडं असं कौतुकानं बघत होती! तो अंगणात फिरत मोबाईल धरून फोटो काढत होता. मग त्यानं विचारलं, "पाण्याची काय सोय?" आई म्हणाली, "पानी भरायला ती पाठीमागं न्हाई हटायची. भाकरी, भाजी, समदं येतं."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं.

ज्योत्स्ना पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, डोक्यावर पदर घेऊन. तेवढ्यात बाईसाहेब साहेबांना म्हणाल्या, "हे घर पाडावंच लागेल. डोंगराचा सगळा व्ह्यू अडतोय."

ट्रे हातात तसाच. ज्योत्स्नानं माझ्याकडं बघितलं. मी प्रदीपकडं. तो कान खाजवत म्हणाला, "ताई, स्वराजसाहेब बोलले न्हाईत का? बघायला म्हंजे जागा बघायला."

साहेब! काल-परवापर्यंत ज्याच्या नाकातला शेंबूड मी पुसला तो.

आई उठली. तिनं ज्योत्स्नाच्या हातातला ट्रे घेतला आणि एकेकाला पोहे दिले. आलेलं माणूस तसंच जाऊ नये म्हणून. त्यांनी खाल्ले. छान झालेत म्हणाले. जाताना बाईसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही बंगल्यांवर काम करता ना? आमचा झाला की या. मागं एक खोली देऊ राहायला."

माझ्या बापाच्या जागेवर मला खोली!

ज्योत्स्नानं आत जाऊन साडी फेडून भिरकावली आणि ती रडत बसली. आई अजून म्हणते, "सोराजला म्हायती नसंल. प्रदीपनंच काडी लावली असंल." तू मला खरं सांग. घरासकट विकतोयस?

तुझी ताई


औंढे,
२८ नोव्हेंबर २०२५

स्वराज,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ताई, इमोशनल होऊ नको. तू हक्कसोड केलं आहेस. कायद्यानं तुझा प्रश्नच येत नाही."

किती गोड आवाजात बोललास. बँकेतली बाई बोलते तसं.

माझा प्रश्न येत नाही? मग आता तू माझं ऐक. तुझं नागरिकत्व एकट्या तुला मिळालेलं नाही. आख्ख्या घरानं ते मिळवलंय. आधी तू शिकायला गेलास, मग कामाचा परवाना, मग तो पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, आणि मग सुरू झाले तुझे दिवस. तिथल्या मातीवर अमुक इतके दिवस हजर पाहिजे, बाहेर पाऊल टाकलं की तेवढे कमी. आईला हे समजेना. ती म्हणायची, "ह्ये कसलं सरकार, पोराला घरी सोडत न्हाई." मी तिला समजवायची. मीच! मी तुझी वकिली करायची.

आबा गेले तेव्हा तुला फोन लावला. तू रडलास, ते खोटं नव्हतं, मी तुझं रडणं ओळखते. पण रडून झाल्यावर म्हणालास, "ताई, आलो तर माझे दिवस कमी होतील." इथं बापाचे दिवस घालायचे होते, आणि तिथं तुझे दिवस कमी होत होते. भावकी कुजबुजायला लागली, अग्नी कोण देणार. मी दिला. बाईमाणसानं दिला म्हणून चुलते जेवायला बसले नाहीत. तुला हे कधी सांगितलं नाही, तुझा अभ्यास बिघडायला नको म्हणून.

तो अभ्यास! परीक्षेचे प्रश्न मी फोनवर वाचायची. माझं इंग्रजी ऐकून तू हसून लोळायचास. त्यांच्या नद्या, त्यांचे प्रांत, त्यांचे पंतप्रधान. शाळेत तुला इंद्रायणीचा उगम कुठं होतो ते सांगता आलं नव्हतं आणि गुरुजींनी अंगठे धरायला लावले होते. तिथल्या नद्या मात्र घडाघडा. मलाही पाठ झाल्या. मला त्यांचं नागरिकत्व द्यायला काही हरकत नाही.

आणि तो दिवस आठवतो? तू आनंदात फोन केलास, आईनं उचलला. "आई, माझे दिवस भरले!"

अरे गाढवा, आईला असं सांगतात? म्हातारीनं फोन फेकला आणि ऊर बडवत अंगणात पळाली. "सोराजचं दिवस भरलं गं, माझ्या सोराजचं दिवस भरलं!" शेजारीपाजारी गोळा झाले. नंदाबाई रडायला लागली. मी बंगल्यावरून धापा टाकत आले, तुला परत फोन लावला, तेव्हा उलगडा झाला की तू मेला नाहीस, तुला अर्ज करता येणार आहे. नंतर किती हसलो आपण. तू फोनवर, आम्ही इथं. आईनं गूळ वाटला.

आता मला वाटतं, म्हातारीनं बरोबर ऐकलं होतं.

हक्कसोडाचं काढलंस म्हणून सांगते. तुझे दिवस भरले त्या वर्षी दिवाळीत तू फोनवर म्हणालास, "ताई, मी तिकडचा नागरिक झालो की इथं शेतजमीन घेता येणार नाही. आहे ती आधीच माझ्या नावावर नीट होऊ दे. आईचं नाव राहू दे सोबत, तिला बरं वाटेल." मी वकिलाला विचारलं नाही. भावाला कोण वकील लावतं? बहिणीनं वाटा लिहून द्यायचा आणि भावानं माहेर द्यायचं. साडी नेसवायची, सणाला बोलवायचं, दार उघडं ठेवायचं. गावातल्या सगळ्या बायकांनी असंच केलंय. वाटा मागितला त्यांची माहेरं तुटली. मला वाटा नको होता, मला माहेर पाहिजे होतं. मला दुसरं आहे काय?

सही करायच्या आदल्या दिवशी मी फोनवर तुला विचारलं होतं. "स्वराज, उद्या मला बाहेर काढणार नाहीस ना?" तू म्हणालास, "आईशप्पथ ताई. तुझं माहेर कुठं जात नाही."

यंदा जूनमध्ये तू फोटो पाठवलास. कोट, हातात छोटासा झेंडा, उजवा हात वर. आईनं विचारलं, "ह्यो हात वर करून काय करतुय?" मी म्हटलं, शपथ घेतोय. "कुनाची?" म्हटलं, तिथल्या राजाची. त्याच्याशी इमानानं राहीन म्हणून. आईनं मोबाईल माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आबानं त्येचं नाव सोराज ठिवलं हुतं." आणि भाजी निवडायला लागली.

दोन शपथा घेतल्यास, स्वराज. राजाची तू पाळशील. ती मोडली तर तुझा पासपोर्ट जातो. आईची मोडली तर काय जातं? आई कुठं जाणार?

बहिणीनं हक्क सोडला, भावानं देश सोडला. माझं सोडणं तुझ्या कामी आलं. तुझं सोडणं कुणाच्या कामी आलं ते तू मला सांग.

एक गोष्ट तू विसरलास. उताऱ्यावर आईचं नाव अजून आहे. तिची सही लागेल. आणि ती सही करणार नाही. मला तिला काही शिकवायची गरज नाही. ती त्या अंगणात नांदायला आली तेव्हा सोळाची होती.

ताई


औंढे,
२२ डिसेंबर २०२५

स्वराज,

तू येतोयस म्हणून आईनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. तुला इकडं यायला आता व्हिसा काढावा लागतो हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्येचंच घर, त्येला कशाला परवानगी?" हॉटेलात उतरणार आहेस हे अजून सांगितलेलं नाही. ते तू तुझ्या तोंडानं सांग.

भांडून झालं. आता सरळ मागते. शेत विक. मला त्यात काही नको, मी कोर्टात जाणार नाही. फक्त घर ठेव. घर आणि पुढचं अंगण. आईला तिथं मरू दे आणि ज्योत्स्नाचं लग्न त्या दारातून होऊ दे. मग मी तुला आयुष्यात काही मागणार नाही.

मी भीक मागतेय असं समज. मला लाज वाटत नाही. तुझ्याकडं मागायला कसली लाज.

ताई


टाकवे बुद्रुक,
१८ जानेवारी २०२६

श्री. स्वराज मारुती यांस,
सा. न. वि. वि.

हे परक्यांना लिहितात, शाळेत शिकवलं होतं. घरच्यांना आशीर्वाद आणि परक्यांना नमस्कार. तुम्हाला नमस्कार.

वर टाकवे लिहिलंय ते बघून चकित होऊ नका. खोली भाड्यानं घेतली आहे, परवडली ती इथंच. दिरांच्या घरासमोरूनच रस्ता जातो. सामान टेम्पोतून आणलं तेव्हा धाकटा दीर दारात उभा राहून बघत होता. त्याला जे वर्षानुवर्षं बघायचं होतं ते बघायला मिळालं. बाकीचं सामान औंढ्यात आहे, पाडकाम सुरू होईपर्यंत ठेवा म्हणाल्या बाईसाहेब. चांगल्या आहेत हो.

तुम्ही आलात ते नीट लिहून काढते, म्हणजे मला पुढं कधी वाटायला नको की मी वाढवून सांगते.

तुम्ही दारात आलात. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तुम्ही आत आलात, भिंतींकडं बघितलंत. आईनं तांब्या दिला तर म्हणालात, बाटलीतलं पाणी आहे का. आई मला म्हणाली, "लेकराच्या पोटाला हितलं पानी सोसंना आता," आणि ज्योत्स्नाला दुकानात पिटाळलं. मी वाट बघत होते, तुम्ही घराचं काढाल. मीच काढलं. तुम्ही खाली बघून म्हणालात, "ताई, घर ठेवलं तर ते घेणार नाहीत. व्ह्यू अडतो म्हणतायत."

व्ह्यू. तुमच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी बोलायची थांबले. त्या घरात तुम्ही जन्मलात. तुमचा त्याला कधी अडथळा वाटला नाही.

मग तुम्ही आईच्या मांडीवर डोकं ठेवलंत. तिनं तुमच्या केसांतून हात फिरवला. तुम्ही म्हणालात, आई, मला तिकडं घर घ्यायचंय, फार अडलंय गं. मी चुलीपाशी होते. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. आई, एकदा नाही म्हण.

ती म्हणाली, "नऊ वरसानं दारात आलाईस. तुला रिकाम्या हातानं कसं धाडू?"

पाव्हण्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत, बरोबर. आमच्यात नारळ देतात. तिनं घर दिलं.

रजिस्टर ऑफिसात तुम्ही मला ये म्हणाला नव्हतात. मी आले. आई पायरी चढताना धडपडते, तिला धरायला कुणी तरी पाहिजे, म्हणून आले. तुम्ही आणि प्रदीप आईला घेऊन आत गेलात, मी दारात उभी राहिले. तिथला साहेब भला माणूस होता. त्यानं कागद बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "मावशी, कुणाची जबरदस्ती नाही ना? समजून सही करताय ना?" आई म्हणाली, "व्हय." मग त्यानं सहज विचारलं, कागदाशी त्याचा काही संबंध नव्हता. "मुलं किती तुम्हाला?"

आईनं वळून दाराकडं बघितलं. मी तिथंच होते. तिनं मला बघितलं, नीट बघितलं, आणि मग साहेबाकडं तोंड फिरवून म्हणाली, "येकच. ह्यो."

तुम्हाला ऐकू आलं होतं. तुमचे कान लाल झाले, ते लहानपणापासून होतात. पण तुम्ही बोलला नाहीत. आईनं सही केली. शाळेत प्रौढांच्या वर्गात मीच तिला सही शिकवली होती, सरुबाई, चार अक्षरं. नाहीतर तिचा अंगठाच असता.

तुम्ही प्रदीपच्या गाडीतून हॉटेलात गेलात. आम्ही दोघी रिक्षानं आलो. मी बाहेर बघत होते. आईच म्हणाली, "अनिते, तुझं नाव घेतलं असतं तर तुला बी आत बोलावलं असतं. प्रदीप म्हनला हुता, बहिनीचं नाव निघालं की लांबतं. सोराजचं इमान चुकलं असतं."

ती विमानाला इमान म्हणते. मी सुधारलं नाही.

"तुला पुन्यांदा सही कराया लागू नये म्हनून म्हनलं गं. तुला तरास नको." असं म्हणून तिनं माझा हात धरला. मी काढून घेतला. सख्ख्या आईच्या हातातून हात काढून घेतला मी. तुमच्यावर रागावायला मला सोपं जातं. तुम्ही लांब आहात, दोन शिव्या घातल्या की मोकळं होता येतं. तिच्यावर रागावून मी कुठं जाऊ? ती माझ्या शेजारी बसलेली होती आणि वळणावर रिक्षा कलली की माझ्याच खांद्यावर पडत होती.

तुमचं विमान वेळेवर गेलं असेल. आईनं दोनदा विचारलं, पोचला का.

तिला तिकडं नेतो म्हणून तुम्ही जाताना बोललात. अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, पण नेतो. ती ते धरून बसली आहे. पातळं घडी करून पिशवीत भरून ठेवली आहेत. कुणी विचारलं तर सांगते, कागद यायचा हाय. मला तो कागद किती दिवसांनी येतो ते माहीत आहे. मी तिला सांगत नाही. सांगायला मी कोण?

परवा आम्ही तिघी नव्या खोलीत आलो. सामान अजून बांधलेलंच होतं. आई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अनिते, भूक लागली गं." मी स्टोव्ह पेटवला. पीठ शोधलं, भाकरी थापली, तिच्यापुढं ठेवली. दात नाहीत म्हणून कुस्करून दिली. ती जेवली, वर पाणी मागितलं, मी पाणी दिलं.

मी तिची कोण म्हणून दिलं, ते मला विचारू नका. साहेबासमोर तिनं स्वतः सांगितलंय. तिला एकच मूल आहे, आणि ते या देशाचं नाही.

अनिता